पेनड्राइव्ह हवा की आतलं?

मामांचं कोल्हापुरात दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओ, टेपरेकॉर्डर, टीव्ही, डीव्हीडी, मोबाइल, ज्या क्रमानं या वस्तू लोकांच्या घरात आल्या त्याच क्रमानं त्या मामांच्या टेबलावर आल्या. त्यांची भाची पुण्यात डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्ये काम करते. बंद पडलेल्या हार्ड डिस्क, मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह यांच्यातली माहिती बाहेर काढणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. लांबून बघणाऱ्याला दोघं एकाच धंद्यातली वाटतील. पण मामांचं काम फत्ते होतं तेव्हा पेनड्राइव्ह चालू झालेला असतो, आणि भाचीचं काम फत्ते होतं तेव्हा बऱ्याचदा पेनड्राइव्हचे तुकडे झालेले असतात.

या वेळी वादाला निमित्त झालं एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं. डीटीपी करणारे गृहस्थ सगळं काम १६ जीबीच्या एका पेनड्राइव्हवरच करत होते. म्हणजे फाइल तिथंच उघडायची, तिथंच सेव्ह करायची, संध्याकाळी पेनड्राइव्ह काढून खिशात टाकायचा. एक दिवस संगणकानं ड्राइव्हचं नाव दाखवलं, पण त्यावर क्लिक केलं की 'डिस्क घाला' असा निरोप. क्षमता शून्य. गृहस्थ मामांकडे आले, मामांनी भाचीला फोन केला, आणि फोनवरच ठिणगी पडली. पुढं ती गावी आली तेव्हा झालेलं हे बोलणं. मी ऐकायला बसलो होतो. राहवलं नाही तिथं बोललो.

मामा : मला एक सांग पोरी, त्या दिवशी फोनवर एवढी ओरडलीस का? गिऱ्हाईक समोर उभं होतं.

भाची : कारण तुम्ही म्हणालात, 'टूल लावतोय, पाच मिनिटांत चालू करून देतो.' ते टूल कुठलं ते मला माहीत आहे.

मामा : मग? किती पेनड्राइव्ह जिवंत केलेत त्या टूलनं. चिपजीनियसमध्ये कंट्रोलरचा नंबर बघायचा, त्या नंबरचं एमपी टूल शोधायचं, स्टार्ट दाबायचं. हिरवी पट्टी आली की पेनड्राइव्ह एकदम नवा.

भाची : तुमच्याच तोंडून आलं, नवा. म्हणजे कोरा. एमपी म्हणजे मास प्रॉडक्शन. कारखान्यात माल तयार होताना वापरायचं ते टूल आहे. ते चिपमधले ब्लॉक पुसतं, त्यात नासके कोणते ते तपासतं, त्यांची यादी परत बनवतं आणि कंट्रोलरचा प्रोग्राम नव्यानं भरतं. एवढं झाल्यावर माझ्याकडं आणलात तर मी काय सांगणार? 'पेनड्राइव्ह झकास चालतोय, घेऊन जा.'

मामा : अगं, गिऱ्हाइकाला चालूच करून पाहिजे असतो की! विचारलं तर म्हणतात, 'काही नाही हो, पिक्चर होते, गाणी होती.' शंभर रुपयांत काम झालं की खूश होऊन जातात. त्यांना काय तुझ्या लॅबला पाठवू? हजारांत बिल बघून माणूस आडवा होईल.

भाची : त्यांना पाठवूच नका. त्यांना तुम्हीच बरे. माझं म्हणणं, स्टार्ट दाबायच्या आधी तुम्ही विचारत नाही.

मामा : विचारतो की. आत्ताच सांगितलं.

भाची : तुम्ही विचारता 'आत काय आहे?' माणूस घाईत 'काही नाही' म्हणतो, आणि घरी गेल्यावर बायको विचारते, बारशाचे फोटो कुठं आहेत? 'आतलं सगळं कायमचं जाणार, चालेल का?' असं स्पष्ट विचारून बघा. किती जण हो म्हणतात ते कळेल.

मामा यावर गप्प बसले नाहीत, पण उत्तर न देता ड्रॉवरमधून एक मोडका पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. हा त्यांचा पुरावा. कुणाच्या तरी लॅपटॉपला लावलेला असताना गुडघा लागला आणि तोंड वाकडं झालं.

मामा : हा बघ. याला तुझी लॅब काय करणार? पाच व्होल्ट, डेटाच्या दोन तारा आणि ग्राउंड, चार पाय आहेत कनेक्टरला. त्यातला एक उचकटला. मी भिंगाखाली चारही पाय सोल्डर केले, जिथं पट्टी उखडली होती तिथं बारीक तारेचा जंपर मारला. लावला, सगळं दिसलं, माणसानं कॉपी करून घेतलं. दोनशे रुपये. यात काय पुसलं गेलं?

भाची : काहीच नाही. आणि तुमच्यासारखा हात मला अजून साधलेला नाही, हे मी लॅबमध्येही सांगते. पण माणूस तुमच्याकडं यायच्या आधी काय करतो ते बघा. मोडलेलं तोंड बोटानं दाबून धरून, 'असा धरला की दिसतोय' करत बसतो. मधेच पाच व्होल्ट भलत्या पायावर जातात आणि कंट्रोलर जळतो. मग दोनशेचं काम राहत नाही.

मामा : ते खरं. पाच व्होल्टांचे ३.३ करणारा रेग्युलेटर उडालेले तर लई येतात. नाहीतर तो १२ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल. पेनड्राइव्ह खाली पडला की क्रिस्टल जातो, वरून काही कळत नाही. जुन्या पेनड्राइव्हचा काढून बसवला की चालू. म्हणून म्हणतो, आधी चालू कर, मग बघू आत काय आहे ते. पन्नास वर्षं हेच करतोय.

भाची : रेडिओत ते बरोबर होतं मामा. रेडिओ चालू करताना आतलं गाणं पुसलं जात नव्हतं.

इथं मला वाटलं, मामा चिडतील. ते हसले. पण वाद खरा इथूनच सुरू झाला, कारण प्रश्न कनेक्टरचा नव्हताच. स्मरणिकेच्या पेनड्राइव्हला वीज पोचत होती, दिवा लागत होता, संगणक त्याला ओळखतही होता. तरी आत काही नाही. मामांना हे पटेना. चिप शाबूत, कंट्रोलर बोलतोय, मग माल गेला कुठं? हाच प्रश्न मीही विचारला.

भाची : माल तिथंच आहे, कुठं ठेवलाय ते हरवलंय. शेत जागेवर असतं, पण कुठला गट कुणाचा ते तलाठ्याच्या दप्तरात. ते दप्तर जळालं तर शेत असून नसल्यासारखं. पेनड्राइव्हमध्ये कंट्रोलर हाच तलाठी, आणि तो फार उद्योगी आहे. सतत गट फिरवत असतो.

मामा : फिरवतो कशाला? ठेवलं तिथं राहू दे की.

भाची : त्याला ठेवता येत नाही. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी ही मेमरी शोधली. १९८४ मध्ये एक प्रकार मांडला आणि १९८७ मध्ये नॅन्ड, जी आज पेनड्राइव्हमध्ये असते. तिची अट अशी की लिहिताना थोडं थोडं लिहिता येतं, पान-पान म्हणा, पण पुसताना पानांचा अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो. आणि पुसल्याशिवाय त्याच जागी दुसरं लिहिता येत नाही. त्यामुळं तुम्ही एका ओळीत काना बदलून सेव्ह केलं तरी कंट्रोलर ते नव्या पानावर लिहितो आणि जुनं पान रद्द म्हणून नोंदवतो. शिवाय प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसता येतो. एका पेशीत एकच बिट ठेवणारी जुनी चिप लाखाच्या घरात झेलायची. आता स्वस्तातल्या चिपांमध्ये एका पेशीत तीन बिट असतात, त्या हजाराच्या आसपास थकतात. म्हणून झीज सगळीकडं सारखी व्हावी यासाठी कंट्रोलर माल इकडून तिकडं हलवत राहतो, आणि कुठं काय आहे त्याचा तक्ता त्याच चिपमध्ये लिहून ठेवतो.

मामा : आणि त्या तक्त्याचाच ब्लॉक नासला तर?

भाची : तर स्मरणिकेचं झालं तेच. कंट्रोलर जागा होतो, तक्ता वाचायला जातो, वाचता येत नाही. मग 'क्षमता शून्य' सांगून गप्प बसतो. वर्डमध्ये काम करताना तात्पुरत्या फाइली त्याच फोल्डरमध्ये तयार होतात, पुसल्या जातात, परत तयार होतात. पेनड्राइव्हवरच फाइल उघडून दिवसभर काम म्हणजे बिचाऱ्या तलाठ्याला दिवसभर फेरफार.

(तलाठ्याला 'बिचारा' म्हणणारी व्यक्ती मी पहिल्यांदाच पाहिली.)

मामा : बरं, हे मान्य. पण दुसरा प्रकार बघ. लावला की विंडोजच विचारतं, 'फॉरमॅट करू का?' लोक घाबरून येतात. मी चेकडिस्क मारतो. अर्ध्या वेळेला सगळं परत दिसतं. हे तर चुकीचं नाही? विंडोजचंच अवजार आहे.

भाची : आणि उरलेल्या अर्ध्या वेळेला?

मामा : उरलेल्या वेळेला एक फोल्डर दिसतो, 'फाउंड डॉट शून्य शून्य शून्य'. त्यात 'सीएचके' नावाच्या ढीगभर फाइली. एकही उघडत नाही.

भाची : त्या माणसाच्या फाइलींचे ते तुकडे. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिमचा हिशेब जुळवणं. तुमचा लग्नाचा अल्बम टिकवणं तिच्या कामात येत नाही. हिशेब जुळत नसेल तर न जुळणारी नोंद ती कापून टाकते, आणि तेही मूळ पेनड्राइव्हवर लिहून. म्हणून आमच्याकडं पहिला नियम, मूळ वस्तूवर काही लिहायचं नाही. आधी तिची पूर्ण प्रत काढायची, प्रत्येक सेक्टरची. जीएनयूचं डीडीरेस्क्यू फुकट मिळतं. ते सोपा भाग आधी वाचून घेतं, अडलं तिथं घुटमळत न बसता पुढं जातं, आणि शेवटी अवघड जागांकडं परत येतं. मरायला टेकलेल्या चिपला हे फार मानवतं. मग काय ते प्रयोग प्रतीवर करा. चेकडिस्कसुद्धा मारा, माझी हरकत नाही. दुसरी प्रत काढता येते.

मामा : आणि फॉरमॅट झालाच असेल तर?

भाची : घाईत 'हो' म्हटलं तरी साधारणपणे क्विक फॉरमॅट होतो. त्यात फाइलींची यादी कोरी होते, माल राहतो. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये ती क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केला तर मात्र सगळीकडं शून्यं लिहिली जातात. मग आम्हाला फोन करू नका. नुसतं डिलीट केलेलं तर पुष्कळदा परत मिळतं. जुन्या फॅट पद्धतीत फाइल पुसली म्हणजे यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर बदलतं आणि जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. आतला मजकूर त्यावर दुसरं काही लिहीपर्यंत तसाच. म्हणून डिलीट झाल्यावर त्या पेनड्राइव्हवर काहीही टाकायचं नाही, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर तर अजिबात नाही. लोक नेमकं तेच त्यावर डाउनलोड करतात.

मामांनी इथं शॉर्टकट व्हायरसचा विषय काढला, कारण तो त्यांचा हातखंडा. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला, घरी आणला, तर प्रत्येक फोल्डरचा शॉर्टकट झालेला आणि खरे फोल्डर गायब. एक 'ॲट्रिब' कमांड, दोन मिनिटांत लपवलेलं सगळं बाहेर. याचे मामा पैसे घेत नाहीत. भाचीनं मान डोलावली. इथं दोघांचं एकमत, म्हणून मीही पुढं सरकतो.

मामा : आता खरं सांग. स्मरणिकेचं तू काय केलंस? गिऱ्हाइकाला मी सांगितलंय, पुण्याला पाठवलंय. पेनड्राइव्ह परत मागतोय तो. शाळेनं दिलेला आहे म्हणे.

भाची : पेनड्राइव्ह राहिलेला नाही. चिप काढली.

मामा : काढली? चालू होत होता की तो!

भाची : चालू होऊन शून्य सांगत होता. त्या कंट्रोलरशी बोलण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्याला बाजूला केलं. ४८ पायांची चिप होती, दोन्ही बाजूंना २४-२४, दोन पायांमध्ये अर्धा मिलिमीटर अंतर. खालून बोर्ड तापवून घेतला, वरून हॉट एअर. सगळं सोल्डर एकदम वितळेपर्यंत चिमट्यानं हात लावायचा नाही. घाई केली की पाय वाकतो किंवा तुटतो. काढल्यावर पाय साफ केले, भिंगाखाली एकेक बघितला, आणि चिप रीडरमध्ये बसवली. पीसी-३००० फ्लॅश वापरतो आम्ही. ती सरळ चिप वाचते, कंट्रोलरला विचारत नाही.

मामा : म्हणजे झालं की. वाचलं, मिळालं.

भाची : मिळाला तो कच्चा माल. १६ जीबीच्या चिपमधून १६ जीबीपेक्षा जास्त निघतं, कारण प्रत्येक पानाला जोडून चूक दुरुस्त करायचे कोड असतात. त्या पेशींमधला विद्युतभार गळत असतो. तीन बिटांच्या पेशीत भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात, जरा घसरली की बिट चुकतो. कोड वापरून ते बिट दुरुस्त करायचे. ज्या पानांना कोड पुरत नाही ती व्होल्टेज थोडं सरकवून परत वाचायची. तेवढ्यानं भागत नाही. एकसारखे बिट शेजारी शेजारी आले की पेशी एकमेकींना त्रास देतात, म्हणून कंट्रोलर लिहितानाच सगळं ठरावीक आकड्यांत मिसळून घुसळून ठेवतो. त्या कंट्रोलरची घुसळण्याची रीत माहीत असेल तर ती उलटी फिरवायची. मग ब्लॉकांचा क्रम. तक्ता नासलाय, म्हणून पानांच्या कडेला उरलेल्या खुणांवरून क्रम लावायचा. एकाच ब्लॉकच्या चार जुन्या आवृत्त्या सापडतात. त्यातली शेवटची कुठली?

मामा : आणि एवढं करून?

भाची : फाइलींची यादी अर्धीमुर्धी मिळाली. जी नावासकट मिळाली ती मिळाली. उरलेल्याला फाइलींचे चेहरे बघून शोधायचं. जेपीजी फोटो ठरावीक तीन बाइटनं सुरू होतो. नवी वर्ड फाइल 'पीके' या दोन अक्षरांनी सुरू होते. ती आतून झिप असते ना, आणि झिप काढणाऱ्या फिल कॅट्झची ही आद्याक्षरं. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर हेच करतं. पण नाव, तारीख, फोल्डर सगळं जातं. हाताला लागतात नुसते आकडे लावलेले फोटो. एकोणीसशे एकाहत्तरची दहावी कुठली आणि परवाचं स्नेहसंमेलन कुठलं, ते शाळेनंच ओळखायचं.

लेखांचा किस्सा मला त्याहून भारी वाटला. सापडलेल्या वर्ड फाइली तिनं उघडल्या तर आत नुसती इंग्रजी अक्षरं आणि विचित्र चिन्हं. तिच्या शेजारच्या टेबलावरच्या मुलानं तत्काळ 'करप्ट' असा शेरा मारला. पण त्या फाइली धड होत्या. डीटीपीवाल्यांनी श्रीलिपीत टाइप केलं होतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ही प्रणाली मराठी छपाईनं वर्षानुवर्षं वापरली. तिच्या जुन्या फॉण्टांमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. युनिकोडची शिस्त तिथं नाही. फॉण्ट असला तर मराठी, नसला तर गिचमीड. तिनं ती गिचमीड छापून मामांकडे पाठवली, मामांनी गृहस्थांना दाखवली, आणि त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं, हे मुख्याध्यापकांचं मनोगत. नुसता फॉण्ट लावायचा होता. महाराष्ट्रातल्या किती जुन्या संगणकांतली मराठी अशी 'करप्ट' म्हणून फेकली गेली असेल, या विचारानं मी अस्वस्थ झालो. ते असो.

मामा : मग आता हिशेब करू. पानं लावलेल्या पेजमेकरच्या फाइली?

भाची : तीन मिळाल्या, त्यातली एक उघडते. लेआउट परत करावा लागेल. लेख जवळजवळ सगळे आले. फोटो बरेच.

मामा : आणि याला तू काम झालं म्हणतीस! पेनड्राइव्हचा भुगा, पानं परत लावायची, फोटोंना नावं नाहीत, वर हजारांचं बिल. मी टूल मारलं असतं तर माणसानं नशिबाला दोष दिला असता, रडत रडत परत टाइप केलं असतं, आणि पेनड्राइव्ह तरी हातात राहिला असता.

भाची : मामा, नवा १६ जीबीचा पेनड्राइव्ह किती रुपयांना येतो?

मामा : अगं, मुद्दा तो नाही. परवडतंय कुणाला ते बघ. तुमच्या लॅबचं सगळं खरं, पण ते ज्याच्याकडं पैसे आहेत त्याच्यासाठी खरं. माझ्या दुकानात ऊसतोडीचा मुकादम येतो, त्याच्या मेमरी कार्डात वारलेल्या पोराचा व्हिडिओ असतो. त्याला तू काय सांगशील? कार्ड लॅबमध्ये टाका, कोट येईल?

भाचीकडं याला उत्तर नव्हतं, आणि तिनं ते ओढूनताणून दिलंही नाही. मला विचाराल तर मामांच्या बाजूचा हा सर्वांत जड मुद्दा. चिप काढून वाचण्याची यंत्रं महाग आहेत, सरावाला वर्षं जातात, आणि एकेका कामाला दिवस. यात स्वस्ताई येण्याची चिन्हं मला दिसत नाहीत. उलट काम अवघड होत चाललंय. आता बरेच छोटे पेनड्राइव्ह म्हणजे एकच काळा तुकडा. कंट्रोलर आणि मेमरी त्यातच ओतलेली, काढायला वेगळी चिपच नाही. मग तुकड्याच्या पाठीवरचा थर खरवडून खालचे तांब्याचे ठिपके उघडे करायचे आणि एकेका ठिपक्याला केसाएवढी तार जोडायची. मेमरी कार्डाचंही तेच.

भाची : मुकादमाचं ऐकून घेतलं मी. त्याला एवढंच सांगेन, कार्ड फोनमधून काढा, कागदात गुंडाळा आणि कुठल्याही दुकानात चालू करायला देऊ नका. तुमच्याही. आज पैसे नसतील तर दोन महिन्यांनी आणा. बंद पडलेलं कार्ड दोन महिने पडून राहिलं म्हणून सहसा बिघडत नाही. जे काही बिघडतं ते 'बघू तरी' म्हणत लावण्यानं बिघडतं. फक्त गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, उष्णतेनं भार लवकर गळतो.

मामा : हे जमण्यासारखं आहे. पण आणखी एक राहिलं. माझ्या दुकानात माणूस समोर उभा असतो. त्याच्या देखत उघडतो, त्याच्या देखत बंद करतो. आत बायकोपोरांचे फोटो असतात. तुमच्याकडं तो पंधरा दिवस कुणाच्या टेबलावर असतो ते त्याला कळतं का?

भाची : आम्ही लिहून देतो...

मामा : लिहून सगळेच देतात.

पंधरा दिवसांच्या त्या प्रश्नावर ती थोडी नरमली. माल बरोबर निघाला का हे तपासायला फाइली उघडाव्याच लागतात, हे तिनं कबूल केलं. तिच्या लॅबमध्ये पंधरा-वीस फाइली नमुन्याला उघडायचा रिवाज आहे, आणि कुठल्या उघडायच्या हे आधी ग्राहकाला विचारायची पद्धत तिनंच सुरू केली. ती सगळीकडं असते असा दावा तिनं केला नाही.

मग नकली मालाची गोष्ट निघाली. रस्त्यावर पाचशे रुपयांत मिळणारा दोन टीबीचा पेनड्राइव्ह. आत चिप असते ८ किंवा १६ जीबीची, कंट्रोलरला फक्त खोटं बोलायला शिकवलेलं. जागा संपली की तो नवा माल जुन्यावर लिहितो किंवा हवेत सोडतो, आणि फाइलींची नावं मात्र ऐटीत दाखवत राहतो. मामा म्हणाले, यातनं काढून दाखव. भाची म्हणाली, जे लिहिलंच गेलं नाही ते ब्रह्मदेवाला निघायचं नाही. घेतल्या घेतल्या एच२टेस्टडब्ल्यूनं तपासायचा, भरला तेवढा परत वाचता येतो का बघायचं, बस.

'बॅकअप घ्या' हे वाक्य दोघांपैकी एकानंही उच्चारलं नाही. मीही उच्चारत नाही. ते सगळ्यांना पाठ आहे.

उठता उठता भाचीनं पर्समधून एक धातूच्या आवरणाचा पेनड्राइव्ह काढला. एका सनदी लेखापालांचा. लावला तर दिवाही लागत नाही.

मामा : हा कशाला आणलास? चिप काढ की. तुझी लॅब आहे, तुझी पीसी-३००० आहे.

भाची : याची चिप काढून उपयोग नाही. यात कंट्रोलरच कूटबद्ध करून लिहितो, आणि किल्ली त्या कंट्रोलरच्या पोटात. बिटलॉकर असता तर निभावलं असतं. तिथं ४८ आकडी रिकव्हरी की असली की चिपमधून काढलेला मालही उघडतो. इथं चिप वाचली तरी आयुष्यभर कचराच दिसणार. हाच बोर्ड, हाच कंट्रोलर, हीच चिप, तिन्ही मिळून एकदा तरी चालू व्हायला हवीत. एकदाच. तेवढ्यात मी प्रत काढून घेते.

मामा : म्हणजे आधी चालू कर, मग बघू.

भाची : हो. पण टूल नाही. आणि संगणकाला लावायचा नाही. वेगळ्या पॉवर सप्लायवर, करंटची मर्यादा घालून. किती ओढतोय ते मला सांगायचं, मग पुढचं.

मामा : दुसऱ्या पेनड्राइव्हचा कंट्रोलर टाकून बघू?

भाची : मामा! किल्ली जाईल.

मामा : बरं, बरं. कंट्रोलरला हात नाही लावत. आधी ३.३ येतोय का बघू, मग क्रिस्टल. ते भिंग दे इकडं. आणि मजुरी लॅबच्या भावानं लावणार आहे, आत्ताच सांगतो.